कोरडं चालवू नये

परत आलेला पंप मी उघडला तेव्हा
शिनपूच्या गच्च्यांवर नवव्या महिन्याचा वारा
पर्सिमन वाळवत होता.

मुठीएवढा पंप.
सर्व्हरच्या कपाळावरची ऊब पाण्यात घालून
दूर नेऊन टाकायची, पाच वर्षं, न थांबता.
चौदा महिन्यांत आटोपला.

आत काळी भुकटी,
बोटांच्या रेघांत बसून राहणारी.
ग्राफाइटचं बेअरिंग झिजत झिजत पाण्यात उतरलं
आणि पुढच्या, केसासारख्या बारीक वाटांत जाऊन तुंबलं.
शाफ्ट मात्र गुळगुळीत, जसाच्या तसा,
चौकशीतून निर्दोष सुटलेल्या माणसासारखा.

साहेब फोनवर म्हणाले, दोन्ही स्टीलचे करा, स्वस्त पडतील.
म्हटलं, ग्लायकॉल जुनं झालं की आंबतं,
स्टीलवर बारीक खड्डे पडतात
आणि प्रत्येक खड्ड्याला काठ असतो.
मग झिरकोनिया?
म्हटलं, गरम पाण्यात वर्षं काढली
की त्याचीही कांती खरबरीत होते.
मग तुम्हीच सांगा, म्हणाले.
हे वाक्य कारखान्यात कुणी प्रेमाने म्हणत नाही.

फान मास्तरांचा जीव स्टीलवर.
चाळीस वर्षं लेथवर उभे, डावा खांदा उतरलेला.
"स्टील वाकतं," म्हणतात, "वाकताना ओरडून सांगतं.
तुमचं सिरॅमिक आदल्या रात्रीपर्यंत हसत असतं."

त्याच दुपारी त्यांच्या हातून
अ‍ॅल्युमिनाचा शाफ्ट निसटला.
फरशीवर एकच आवाज, कोरडा.
दोन तुकडे.
मास्तरांनी खाली पाहिलंच नाही,
आपल्या हाताकडे पाहिलं.
बोटं थरथरत होती.
कधीपासून, ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं,
की होतं?
मी तुकडे वेचले, म्हटलं, बरं झालं,
तुटलेली कड मला बघायचीच होती.
खोटं बोलले. पण मग खरंच पाहिली:
पांढरी, मिठासारखी रवाळ,
कुठेही वाकल्याची खूण नाही.

रात्री टेबलावर नवी जोडी लावली.
सिलिकॉन कार्बाइडवर सिलिकॉन कार्बाइड,
कठीणावर कठीण.
फिरताना ती एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत.
मध्ये पाण्याचा पापुद्रा,
दिसत नाही, पण सगळा भार त्याच्यावर.
झीज फिरण्यात नाहीच.
झीज थांबण्यात आहे आणि पुन्हा सुरू होण्यात,
पापुद्रा तयार होण्याआधीच्या त्या निमिषात.
म्हणून मी चालू करते, बंद करते,
चालू, बंद,
सहा हजार तीनशे अकरा, सहा हजार तीनशे बारा,
कुणाला तरी झोपू न देणाऱ्या माणसासारखी.

मास्तर आले. कागदात चार पर्सिमन.
बहीण रोज एकेक फळ अंगठ्याने दाबते,
न दाबता वाळलं तर आत गाठ राहते, म्हणाले.
मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला,
टोक पंपावर, मूठ कानाशी.
पोलाद पंपावर टकटकू लागलं.
आवाज पंपाचा की हाताचा, कळेना.
काही न बोलता मी टोक धरून ठेवलं.
त्यांनी मुठीला कान लावला, डोळे मिटले.

"बुडबुडा आहे," म्हणाले. "कोरडं घासतंय."

मग बराच वेळ आम्ही पर्सिमन खाल्ले.
कठीणाला कोरडेपणा सोसत नाही, मी म्हटलं.
"मग कठीणाच्याच पोटात थोडं मऊ मुरवा की,"
बी थुंकत म्हणाले,
"तुमच्या त्या काळ्या भुकटीतलंच थोडं."
ग्राफाइट मुरवलेलं कार्बाइड. कॅटलॉगमध्ये होतं,
शेवटच्या पानावर, तिप्पट भावाने.

फॉर्म भरला.
शाफ्ट, बेअरिंग, तापमान, द्रव.
किमतीचा रकाना तसाच ठेवला,
सकाळी साहेब ओरडतीलच.
तपासणारा, या रकान्यात
मास्तरांनी सही केली,
नेहमीपेक्षा लांब, वाकडीतिकडी,
आणि मी तिच्यावर पेपरवेट ठेवला,
वारा होता म्हणून.