उद्योग

निपाणीच्या नगरपालिकेत
तुझा दाखला लिहिताना कारकुनानं विचारलं,
"उद्योग एनु?"

कोणता सांगू, आई?
वखारीत तंबाखू चाळायचीस,
झोपेतही शिंकायचीस.
मग शेजारणींची पोलकी; काजं-बटणं माझ्याकडं.
अंगणवाडीत खिचडी ढवळता ढवळता
पोरांच्या पाटीवर कन्नड गिरवलंस.
एसटीडी बूथवर
दुबईला फोन लावून बायका नुसत्याच रडायच्या,
त्या रडण्याचे पैसे
तू पदरचे भरायचीस.

आणि मी रेडिओ खोलला
की ओरडायचीस, "नसते उद्योग!"

कारकून खोळंबला. "मनेगेलस? घरकाम?"
माझी मान हलली,
हो म्हणून की नाही, कोण जाणे.
त्यानं काहीतरी लिहिलं.

दाखला खिशात आहे.
घरात कन्नड वाचायचीस
ती तूच.