निष्क्रिय

खैरनारबाई टायपिंग शिकल्या रविवार कारंज्यावर,
रेमिंग्टनच्या खडखडाटात.
चूक खोडायला गेलं की कागदाला भोक पडायचं.

आता सिडकोतून, रात्री साडेनऊला
माझ्या ऑनलाइन वर्गात.

प्रश्न येतो न येतो
तोच ओजस पगार लिहितो, पुसतो,
पुसलेलं परत आणतो.
विचार बोटांनीच करतो तो.
एकेचाळीस आवृत्त्या दिसतात मला एका उत्तराच्या.

बाईंची चौकट पांढरी.
कर्सर लुकलुकतोय. सतरा मिनिटं.
पडद्यावर येतं : विद्यार्थी निष्क्रिय.
आणि बाई वर्गाबाहेर.

लगेच फोन,
"सर, तिसरी ओळ जुळतच आली होती हो."

मी वेळेची अट काढून टाकली.

ओजसनं विचारलं,
टायपरायटरला मागे जायचं बटण होतं?

होतं की, बाई म्हणाल्या.
मागे जाता यायचं.
लिहिलेलं तिथंच असायचं.