ओला आवाज

रात्री अकराला दसरू शेंडे आला
पवनीच्या रुग्णालयात, छोट्या हत्तीत झोपवून.
तोंड उजवीकडे ओढलेलं,
डावा हात जणू कुणा दुसऱ्याचा.
त्याची बायको पुस्तकला
पिशवीतून आधी थर्मास काढते, मग आधार कार्ड.
"सिस्टर, च्या पाजू का वो? दुपारपासून उपाशी हाये."

थांबा, म्हणते मी.
हा एक शब्द शिकायला मला एक माणूस लागला.

पौषात, खाट सात, सोनकुसरे गुरुजी.
'गिळणे : ठीक' लिहिलं होतं मी
पाणी न पाजताच, उभ्या उभ्या,
कारण पलीकडे बाळंतीण ओरडत होती
आणि रकाना रिकामा दिसू नये.
तिसऱ्या दिवशी ताप. सहाव्या दिवशी खाट धुतली.
कुणी काही बोललं नाही मला.
तेच अजून बोलत असतं.

आता तो कागद औषधांच्या तक्त्याच्या वर टाचते.
खाली टाचला की राहतो.
नव्या चैताली उईकेला सांगते :
बसव आधी. पाठीला उशी.
नाव विचार, खोकायला लाव.
मग चमचाभर पाणी. कंठमण्यावर बोट ठेव,
वर सरकतो का बघ.
मग म्हणायला लाव, 'आ'.
आणि ऐक. घड्याळ बघू नकोस, ऐक.

दसरूचा पहिला चमचा गेला.
दुसरा गेला.
तिसऱ्यानंतर 'आ' म्हणाला
आणि आवाजात पाणी होतं.
खोकला नाही, ठसका नाही,
नुसता ओला, ढवळलेल्या बोडीसारखा.

'तोंडी काही देऊ नये', पाटी लावली.
पुस्तकला पाटीकडे नाही, माझ्याकडे बघत राहिली.
"पानी बी नाई? मरत्या मानसाले बी पाजतेत वो पानी."
म्हणूनच, म्हटलं. हा मरत नाहीये.

मग सांगितलं : गळ्यात दोन पाट,
एक पोटाचा, एक श्वासाचा.
मधली फळी आज ढिली झालीय.
तिला कळलं. जन्म तलावाच्या पाळीवर गेलेला.
थर्मासचं झाकण घट्ट केलं,
ओल्या फडक्याने त्याचे ओठ टिपले,
आणि हे तरी चालतं ना,
असं नुसतं बघितलं.

पाचव्या दिवशी चैतालीनेच हाक मारली.
चमचा. चमचा. चमचा. 'आ'.
कोरडा, उन्हात टाकलेल्या जाळ्यासारखा.
घट्ट पेजेचा पहिला घास गिळून
दसरू म्हणाला, "अळनी हाये."

भिंतीवरच्या यादीत या महिन्याचे अकरा रुग्ण,
कागद भरलेले नऊ.
राहिलेले दोन्ही रात्रीचे.
उद्यापासून रात्रपाळी मागून घेतली आहे.