एक गाठ कमी

सलाइनच्या स्टँडला औषधाची पिशवी लागली
आणि अम्मानं आधी विचारलं,
"यात साखर तर नाही ना?
सकाळी दोनशे साठ होती."

आहे, अम्मा.
पण इतकी कमी, की तुझ्या मशीनला पत्ताही लागायचा नाही.

बिलाच्या पाठीवर मी तिला रेणू काढून दाखवते:
वर पसरलेले दोन हात, ते गाठीतल्या पेशीला धरतात.
खाली जवळजवळ दोन पाय, ते रक्तातल्या राखणदाराला बोलावतात.
पायांच्या मध्ये साखरेची दोन झुडपं.
ती छाटली तर पाय मिटतात,
राखणदार शेजारून निघून जातो.

"म्हणजे गोंडे," अम्मा म्हणाली.

एकतीस वर्षं. भद्रावती पेठेत, गड्डम शेठच्या शेडबाहेर,
मांडीवर चादर, तोंडात दोऱ्याचं टोक.

हो, गोंडेच.
आणि टाकीतल्या पेशी ते एकसारखे वळत नाहीत.
ताणा तोच, बाणा तोच,
पण ऊब एका अंशानं हलली, खाणं उशिरा पोचलं,
की कुठे गोंडा आखूड, कुठे झिपरा.
टोकाशी मॅनोज उघडं राहिलं
तर औषध लवकर वाहून जातं.
उंदराच्या पेशीनं तिच्या घरची साखर लावली
तर माणसाच्या अंगावर गांधी उठतात.
माझी नोकरी म्हणजे गोंडे तपासणं.

"आणि हे?" तिनं पिशवीकडे बोट केलं.

यात बुडाशी एक गाठ मुद्दाम कमी आहे.
फ्युकोज म्हणतात तिला.
ती नसली की राखणदाराची पकड
कितीतरी पट घट्ट बसते.

अम्मा हसली. खोकली. परत हसली.
"एक गाठ कमी होती म्हणून
गड्डमनं माझा सव्वा रुपया कापला होता.
चादर तर कुणाच्या अंगावरून सरकली नाही."

मग मी, शहाणी, बोलून गेले:
पेशीत ती गाठ मारणारा एकच कारागीर असतो.
आम्ही त्याला घरी बसवला.

थेंब. थेंब.
सिस्टर बिराजदार येऊन वेग बघून गेल्या.
गोंड्याचं मशीन आलं त्या दिवाळीला
अम्माला घरी बसवलं होतं.
मला हे आठवलं ते बोलून झाल्यावर.

ती काहीच म्हणाली नाही.
दवाखान्याच्या चादरीचे सुटलेले दोरे
तिच्या बोटांनी केव्हाच उचलले होते,
चार इकडचे, चार तिकडचे,
पीळ, पीळ, गाठ.

पिशवी अर्धी झाली तेव्हा म्हणाली,
"त्याला काही देता का?"

कुणाला, अम्मा?

"त्या गाठ मारणाऱ्याला."