भरतानाच

बाबा रबाळ्याला पिंपं भरायचे.
दोनशे लिटरची, निळी, बुडाशी पोचे आलेली.
पिंप भरलं की नळी निथळायच्या आत
हात पुसून लेबल डकवायचं:
आत काय, किती, कुठल्या दिवशीचं.
लेबल उद्या लावू म्हणणाऱ्याला
ते पिंपाजवळ फिरकू देत नसत.

मी महाप्याला कंपायलरमध्ये भर घालते.
कर्नलसाठी, असं सांगितलं तेव्हा म्हणाले,
"कोनचा कर्नल? मिल्ट्रीतला?"
मी हो म्हणून टाकलं.
तसा तोही हुकूमच सोडतो
आणि कोण आलंय, कशाला,
हे विचारल्याशिवाय कोणाला आत घेत नाही.

आमचा माल म्हणजे बाइट.
चौसष्ट बाइट, सलग, एका रांगेत.
त्यात नाव कुठे सुरू होतं,
आणि शेवटचे आठ म्हणजे एक आकडा
की दुसऱ्याच कुठल्या जागेचा पत्ता,
हे बाइटाला स्वतःला ठाऊक नसतं.
कंपायलरला असतं.
सोर्स वाचताना त्याने सगळं पाहिलेलं असतं.
काम उरकलं की विसरतो.

मग आम्ही मागाहून शोधत बसायचो.
डिबगिंगच्या माहितीचा डोंगर उपसायचा,
त्यातून वीतभर टाइप गाळून घ्यायचे,
बाकीचा डोंगर फेकून द्यायचा.
देवयानी एकदा वैतागून म्हणाली,
ज्याने भरलं त्यालाच का नाही विचारत?

एवढंच आहे माझं दोन वर्षांचं काम.
भरतानाच लिहायला लावणं.

मॉड्यूलने मात्र घोळ घातला.
मॉड्यूल बाहेरून येतं,
वेगळ्या दिवशी, वेगळ्या मशीनवर बांधलेलं.
जागा वाचवायची म्हणून सगळं सांगत नाही,
नुसता नंबर देतं:
माझा तिसरा रकाना
म्हणजे तुमच्या वहीतला सत्तेचाळीस.
आणि कर्नलची वही काल रात्रीच
पहिल्या पानापासून नव्याने लिहिलेली.
सत्तेचाळीसवर आता दुसरंच कोणी बसलेलं.

गुरुवारी ते चढलं, चालू लागलं,
आणि विचारेल त्याला
शांतपणे, ठामपणे
चुकीचं सांगत राहिलं.
कोसळलं असतं तर बरं झालं असतं.

रात्री गोठिवलीला पोचले तेव्हा बाबा जागे होते.
मी पिंपांच्या भाषेत सांगितलं.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले,
आमच्यातबी झालंवतं.
नवा स्टोअरकीपर आला, त्याने रजिस्टर बदललं.
जुन्या पिंपांवर जुने नंबर, लेबलं पावसाने गेलेली.
मग एकाला बसवला,
झाकण उघडून वास घ्यायचा आणि सांगायचं.
आठ दिवस. एकशे दहा पिंपं.
"कोणाला?"
"व्हता एक."
आणि मग कूस बदलून, भिंतीला सांगितल्यासारखं:
"नंबराबरोबर नाव लिव. नाव आन् माप.
वहीचा काय भरोसा नाय."

सोमवारी तेच लिहिलं.
आता मॉड्यूल येताना एक चिठ्ठी आणतं.
पूर्ण वही नाही. ज्यांच्याशी त्याचं काम आहे
तेवढ्यांचीच नावं, आणि प्रत्येकाचं माप.
कर्नल आपल्या वहीत ती नावं शोधतो,
नंबर आपले घालून घेतो.
माप जुळलं नाही तर ती माहिती घेतच नाही.
अडीच हजार टेस्ट, सगळ्या हिरव्या.
देवयानीने कँटीनमधून दोन वडे आणले, एक स्वतःच खाल्ला.

आज सकाळी ते बाबांना सांगणार होते.
आई नळावर गेलेली, गॅसवर दूध करपत होतं,
जिन्यापासूनच कळत होतं मला.
बाबा ओट्याला टेकून, हातभर अंतरावर,
पेपर वाचत उभे होते.