किनलॉखलेवनला जाण्याआधी

ऑक्टोबरात जा, शाल्मली.
तिथली ती मोहरीएवढी चिलटं,
पापणीखाली शिरून चावणारी,
तोवर थंडीने गेलेली असतात
आणि खाटेचा भाव चार पौंडांनी उतरतो.
ग्लासगोहून बसलीस तर उजवीकडची खिडकी धर,
तासभर तळं सोबतीला येतं.

वरची खाट घेऊ नकोस.
वर ऊब असते हे खरं,
पण रात्री तीनला उतरताना
शिडी अशी करकरते
की आठ अनोळखी माणसं कूस बदलतात
आणि सकाळी चहाला
सगळी तुझ्याकडेच बघतात.

बूट ओले होतील. होणारच.
हीटरवर ठेवलेस तर चामडं पापडासारखं तडकेल.
आत वर्तमानपत्र कोंब चुरगळून,
झोपण्याआधी एकदा बदल.
मी होतो तेव्हा कुणाच्या तरी बुटात
आख्खी निवडणूक वाळत होती.

वाळवणाच्या खोलीला वास येतो,
ओली लोकर, रबर, घाम, मेंढी.
पहिल्या दिवशी नाक मुरडशील.
तिसऱ्या दिवशी तोच तुझ्या केसांना येईल
आणि तुला कळणारही नाही.

दुकानात साडेसहाला
एक मुलगा पिवळी लेबलं लावत फिरतो,
पाव अर्ध्या किमतीत, कधी सूपही.
त्याच्या मागे उभी राहा, पण अगदी पाठीला लागू नकोस.
तिथे हावरेपणालाही रांग असते.

स्वयंपाकघरात खिडकीखाली एक फळी आहे.
जाणारे ठेवून जातात, येणारे घेतात:
उरलेला पास्ता, मिठाची पुडी,
एकदा तर जिरं, कुणाचं कोण जाणे.
मीही ठेवली होती
तुझ्या आईने दिलेली कारळ्याची चटणी,
डबा परत मिळणार नाही असं धरून.

पैसे संपले तर इशबेलला विचार, लाजू नकोस.
सकाळी दोन तास झाडलोट, बदल्यात खाट.
मी नऊ रात्री अशाच काढल्या.
मोरीच्या जाळीतले केस काढताना
आधी आधी माझी पदवी आठवायची,
मग आठवेना.

आणि दारापाशी एक वही असते,
दोरीला बांधलेलं पेन.
नाव, कुठे चाललीस, किती वाजता येणार.
आलीस की पुढे बरोबरची खूण.
पुष्कळ जण टाळतात. तू लिही,
आणि वेळ खरी लिही, बढाईची नको.

मी पाच लिहिले होते.

मॅमोरच्या धारेवर धुकं असं आलं
की माझाच हात मला उसना वाटला.
शिखर अर्ध्या मैलावर असेल,
किंवा मी त्याच्यावरच उभा असेन.
वळलो.
फोटो मागू नकोस, आहे तो नुसता पांढरा.
उतरताना एक ओढा चुकलो, मग दुसरा,
मग कुंपणाची तार धरून
एका मेंढीच्या मागे मागे,
जिला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

नऊ वाजून गेले होते.
स्वयंपाकघरात दिवा.
टेबलाशी इशबेल, पुढ्यात वही,
पेन दोरीसकट तोडून आणलेलं,
बशीत टोस्ट, त्यावर काळं काहीतरी.
तिने माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे नाही.
खूण केली.
म्हणाली, तुझी चटणी संपली.
आणि किटली चढवली.

बाकी काय,
मोजे तीन जोड, बॅटरी, शिट्टी.
स्लीपिंग बॅग भाड्याने मिळते, ओझं करू नकोस.
कारळ्याची मात्र अर्धा किलो ने,
जड झाली तरी.
माझं नाव सांगून तिला आठवेल का,
माहीत नाही.
झाकण उघड.