लाइन गेली की

दर संक्रांतीला ठरवते, यंदा मात्र चोवीस.
महिन्याला दोन.
पायलीचे पैसे तोंडपाठ असलेल्या बाईला
एवढा हिशेब जमायला हरकत नाही.

चक्कीच्या पत्र्यावर, काट्याच्या मागे,
खडूनं रेघा मारते. चार उभ्या, एक आडवी.
गावंड्यांची दमयंती डबा ठेवता ठेवता विचारते,
"इतली उधारी कोनाची वं?"
माझीच, म्हणते मी.

वाचणं होतं लाइन गेली की.
पट्टा फडफडून थांबतो,
कानातली घरघर जायला थोडा वेळ लागतो,
मग पाट ओढून दारातल्या उजेडात बसते.
लाइन जावी असं वाटणारी
अख्ख्या गावात मी एकटी.
हे बोलता येत नाही,
ओलितवाल्यांसमोर तर मुळीच नाही.

वैशाखात तिखट दळायला येतं.
एका कादंबरीत धाकटी जाऊ विहिरीपाशी बसून राहते,
त्या पानावर मी रडले
ते तिच्यासाठी की भिवापुरी मिरचीनं,
अजून ठरलं नाही.

बुधवारी बाजार, बुधवारीच वाचनालय.
अढाऊ सर पुस्तक परत घेताना
उलटं धरून टेबलावर झटकतात.
"ज्वारी," म्हणतात. "हे गहू."
एकदा बोट जिभेला लावून,
"बेसन! श्रावणात वाचलं, नाही का?"
दंड कधी लावला नाही.
मलाही एकदा कोणाची तरी टिकली सापडली,
पान एकशे चाळीस, मरून रंगाची.
ती पुढं गेली का तिथंच थांबली
हे विचारायला नाव नव्हतं.
टिकली तशीच राहू दिली.

आषाढ कोरा.
ह्यांचा पाय मोडला, सेवाग्रामला नऊ दिवस.
पिशवीत पुस्तक होतं.
एकदाच बाहेर काढलं,
शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला वारा घालायला.
ते मी मोजलं नाही.
मोटर जळाली तेव्हा तिचं माहितीपुस्तक मात्र मोजलं,
बत्तीस पानं, आकृत्यांसकट.
आता वाइंडिंगवाला मला फसवू शकत नाही,
असं किती कादंबऱ्यांबद्दल म्हणता येतं?

उईक्यांचा सोमेश, सहावीतला.
दळण होईपर्यंत पोत्यावर बसून विचारतो,
"मंग पुढं काय झालं?"
एकदा मी न वाचलेलंही सांगून टाकलं:
भाऊ परत येतो, जमीन वाटून घेत नाहीत,
बैलजोडी एकाच गोठ्यात राहते.
नंतर वाचलं, तर भाऊ येतच नाही.
सोमेशला अजून सांगितलेलं नाही.

दिवाळीला ह्यांनी काठी टेकत टेकत
पत्र्याला चंदेरी रंग दिला.
मला बरं वाटावं म्हणून.
रेघा गेल्या.
अकरा होत्या की बारा?
रात्री आठवून मोजायला बसले
तर नावं निम्मीच आली,
बाकीची दळणावरून ओळखली:
ते तुरीच्या डाळीचं, ते नवसाच्या गव्हाचं,
ते पावसात भिजलेल्या ज्वारीचं, चिकट.
बारा धरले. एखादी रेघ जास्तीची असेल,
तर असू दे.

आणि आज भोगी.
सतरावं पुस्तक, चाळीस पानं उरलेली.
दुपारी चारला लाइन गेली,
बाहेर डब्यांची रांग, बाया उन्हाला पाठ देऊन.
बारा पानं उरली असताना
समोरच्या घरातला टीव्ही एकदम बोलायला लागला.
"आली लाइन, आली!"
पहिला डबा उचलून कोणी पुढंही केला.

मी पान न सोडता म्हटलं,
मोटर तापली आहे, दहा मिनिटं थांबा.

सोमेश रांगेतून आत आला.
मोटरीवर हात ठेवला.
माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं,
झटकन हात मागे घेऊन फुंकर मारली
आणि दाराकडे तोंड करून ओरडला,
"लय तापली हो!"